सांभाळायला आलेला काकाकुवा हातावर कधी येणार?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यामांजरांचे धागे ढिगाने आहेत, पण काकाकुव्यावर एकही सापडला नाही. म्हणून नवा काढतेय.

वडिलांच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हौसेने अम्ब्रेला काकाटू जातीचा काकाकुवा घेतला होता. पांढराशुभ्र, मनात आलं की डोक्यावरचा तुरा छत्रीसारखा उघडणारा. पुढे हौस फिटली. ओरडतो म्हणून दिवाणखान्यातून गॅलरीत आणि गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये अशी त्याची बदली होत गेली. पिंजरा लव्हबर्डच्या जोडीला पुरेल एवढाच, त्यात पंख धड उघडत नसत. बारा महिने खायला सूर्यफुलाच्या बिया, पाण्याच्या वाटीला शेवाळ. घरात बाळ आलं तेव्हा 'कुणीतरी घेऊन जा' असा निरोप फिरला. चांगलं घर मिळेपर्यंत, या बोलीवर तो आता आमच्या माडीवर आहे. नाव बाजीराव.

छाती आणि मांड्या उघड्या पडल्यात, पंखाखाली नुसता करडा फुलोरा. डोक्यावरची पिसं मात्र जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, हीच त्यातल्या त्यात चांगली खूण. स्वतःच्या चोचीने पक्षी मान-छातीपर्यंतच उपटू शकतो, डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. डोकंही टकलं असतं तर चोच आणि पिसांच्या विषाणूचा संशय जास्त. तरी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे हा उपटतोय कंटाळ्याने, भीतीने आणि निकृष्ट खाण्याने.

हात दिसला की तुरा ताठ, फिस्कारणं, डावी-उजवीकडे झुलणं आणि मग मागचा कोपरा. दिवेलागणीला जो सूर लावतो तो पार तालमीच्या कोपऱ्यापर्यंत जातो. याचा विश्वास कसा कमवायचा? तो हातावर यायची मला घाई नाही असं सगळ्यांना सांगते खरी, पण आहे.

गगनबावडा

वाचतोय. फोटो टाका की.

मंगळवारपेठकर

मोबाईल वर केला की तो कोपऱ्यात जातो. सध्या फोटो नाही.

शेतमळा

पोरी, एवढं काय अवघड नाही. आमच्या आज्ज्याकडं पोपट होता. नवीन पाखराला दोन दिवस उपाशी ठेवायचं, मग फक्त हातातनं दाणा द्यायचा. तिसऱ्या दिवशी गडी खांद्यावर. नाहीच आला तर टॉवेलात धरून रोज तासभर मांडीवर घ्यायचा. सवय होती.

पिसारा

शेतमळा दादा, राग मानू नका, पण हे दोन्ही उपाय करू नका असंच मी सांगेन. माझ्याकडे बरेच टाकलेले पक्षी येऊन गेलेत, त्यावरून बोलतेय.

आधी उपासाचं. बियांवर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतात बहुतेकदा आधीच चरबी साठलेली असते, त्यात उपास म्हणजे जिवाशी खेळ. टॉवेलचं म्हणाल तर दवाखान्यात, नखं कापताना, औषध पाजताना तो लागतोच. पण मैत्रीसाठी टॉवेल वापरला की पक्षी एवढंच शिकतो की आपण ओरडलो, चावलो, तरी सुटका नाही. मग तो गप्प बसतो, आणि लोक म्हणतात माणसाळला. तो माणसाळलेला नसतो, त्याने नाद सोडलेला असतो.

मंगळवारपेठकर, तुम्ही पहिल्यांदा अंतर शोधा. दारातून आत आलात की कुठल्या फरशीवर त्याचा तुरा ताठ होतो ते बघा. त्याच्या एक फरशी अलीकडे खुर्ची टाका. पाठमोऱ्या नाही, पण थोड्या तिरक्या बसा. समोरून रोखून बघणं हे शिकाऱ्याचं काम, पाखराला ते उपजत कळतं. पेपर वाचा, भाजी निवडा, हळू आवाजात स्वतःशी बोला. तो सैल पडला, पिसं झटकली, चोचीने पाय खाजवला, की उठा, वाटीत एक बी टाका आणि चालू लागा.

निघून जाणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात. बी हे बक्षीस आहेच, पण घाबरलेल्या पक्ष्याला त्याहून मोठं बक्षीस म्हणजे माणूस लांब जाणं. 'मी शांत राहिलो की ही जाते' हे एकदा त्याला कळलं की तुमच्या येण्याची धास्ती उरत नाही.

सूर्यफूल वाटीतून पूर्ण काढा आणि फक्त या कामासाठी ठेवा. मात्र आधी त्याला दुसरं खायला शिकवा, नाहीतर पुन्हा उपासच घडेल.

आणखी एक. पुढे हात लावू देईल तेव्हा फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखाखालून कुरवाळलं की पक्ष्याला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो. मग तो तुम्हाला जोडीदार समजतो, घरातल्या बाकीच्यांना वैरी, आणि उपटणं-ओरडणं दुप्पट. काकाकुव्यांचा निम्मा विचका असल्या लाडांनीच होतो.

साळुंकी

पिसारा ताई +१. वाचनखूण साठवली.

जुना_खोडकर

एवढा खटाटोप कशाला? पक्षी आहे, आकाशात शोभतो. रंकाळ्यावर न्या आणि सोडा. पिंजऱ्यात ठेवून वर विश्वासाच्या गोष्टी?

साळुंकी

खोडकर काका, हा रंकाळ्याचा पक्षी नाही. अम्ब्रेला काकाटूचं मूळ घर इंडोनेशियातल्या हालमाहेरा आणि आसपासच्या बेटांवरची जंगलं. तिथेही आता तो संकटग्रस्त आहे, जंगलतोड आणि पकडापकडी दोन्हींमुळे. इथे सोडला तर काय खायचं हे त्याला ठाऊक नाही, घारीपासून कसं लपायचं ठाऊक नाही, आणि उघडी छाती घेऊन आपल्या जुलैच्या पावसात तो जेमतेम एक रात्र काढेल. पहिले मागे लागतील ते कावळे.

जुना_खोडकर

मग आणायचाच नाही मुळात.

साळुंकी

यावर आपलं एकमत आहे. आता जो आलाय त्याचं बोलूया.

वकीलसाहेब

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण पुढे हेच अडतं. आपला देशी पोपट, कंठवाला, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली घरात ठेवताच येत नाही. वरच्या आज्ज्यांच्या गोष्टीतलाही नाही. 😊 काकाटूसारख्या परदेशी पक्ष्यांचं वेगळं. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साईट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यापक्ष्यांसाठी नवी चौथी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची. ताबा दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली, प्राणी मेला, तरी कळवायचं. बजी आणि कॉकटील हे छोटे पक्षी यात येत नाहीत, अम्ब्रेला काकाटू येतो.

मूळ मालकाने नोंदणी केली होती का ते आधी विचारा. केली नसेल तर 'आम्ही फक्त सांभाळतोय' एवढ्यावर विसंबू नका. वन विभागात स्वतः जाऊन लेखी कळवा आणि पोच घ्या. लपवून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मंगळवारपेठकर

वकीलसाहेब, मनापासून आभार. नोंदणी झालेली नव्हती. वन विभागात अर्ज दिलाय, पोच घेतलीय. पुढची प्रक्रिया ते सांगतील तशी.

आता खाण्याचं. पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणल्या, त्याने त्या एकेक उचलून माझ्यासमोर खाली टाकल्या. अगदी बघून बघून. मग आईने सूत्रं हातात घेतली. लक्ष्मीपुरीतून मटकी, मूग आणि हरभरे आणून मोड आणले. त्यात गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर बारीक चिरून, वर चवीपुरत्या सूर्यफुलाच्या बिया. बिया वेचण्यासाठी चोच भाजीत घालावीच लागते, आणि चोचीला लागलेलं पोटात जातंच. बियांचं प्रमाण हळूहळू घटवलं. पेलेट्स कुटून मोडांवर भुरभुरल्या, त्या तशा चालल्या. भोपळा हा आता त्याचा हक्काचा पदार्थ आहे. डॉक्टरांच्या मते त्याला अ जीवनसत्त्वाची मोठी तूट होती, त्यामुळे भोपळा-गाजर-पाला यांवर जोर.

रोज सकाळी वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आडवी काठी बसवली, त्यावर तो बी खायला चढतो. पक्षी आजार लपवतात, पिसं फुगवून बसलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वजन आधी बोलतं. दहा टक्क्यांनी घटलं तर थेट दवाखाना, असं सांगितलंय.

अवांतर: धूळ! याच्या पिसांतून पिठासारखी पांढरी भुकटी पडते. माडीवरची बाबांची काळी पेटी आता करडी दिसते.

पिसारा

भुकटी हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे, पण घरात कुणाला दमा असेल तर काकाकुवा ठेवू नये. बाबांना खोकला असेल तर लक्ष द्या. सकाळी उन्हात साध्या पाण्याचा फवारा मारा, बहुतेकांना आवडतो, धूळही बसते आणि नवीन पिसांची खाजही कमी होते. संध्याकाळी नको, ओला झोपता कामा नये. झोप अंधारात दहा-बारा तास पाहिजे. माडीवर रात्री टीव्ही असेल तर तो खाली न्या.

आणि नॉनस्टिक तवा. रिकामा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. माडीवर असला तरी जिन्यातून वारा चढतो. लोखंडी तवा वापरा.

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारवलेलं काहीही नको.

मंगळवारपेठकर

नॉनस्टिक आमच्याकडे आईने कधी घरात येऊच दिलं नाही. तांबड्या रश्श्याची फोडणी पडते तेव्हा मात्र जिन्याचं दार लावून घेतो.

उद्यमनगरी

ताई, पिंजऱ्याचं बोलायचं राहिलं. मला पाखरातलं काय कळत नाही, फॅब्रिकेशनमधलं कळतंय. जीआय जाळीचा पिंजरा असंल तर आधी काढा. गॅल्व्हनाइज म्हणजे वर जस्ताचा थर. ह्यो पक्षी दिवसभर गज चावणार, जस्त पोटात जाणार, विषबाधा ठरलेली. जुन्या रंगात शिसं असतंय, ते त्याहून वाईट. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, महाग पडतं पण एकदाच. चार फूट रुंद, तीन फूट खोल, उंची पाच, गजातलं अंतर इंचभर, गज जाड. वेल्डिंगचा मणी घासून घ्यायला लावा, नाहीतर जीभ कापंल.

कडी साधी लावू नका. मी एकाला करून दिला होता, त्याच्या पक्ष्यानं आतनं नट फिरवून दार उतरवलं. बोल्टचं डोकं आत आणि नट बाहेर ठेवा.

गगनबावडा

खरंय हे. ऑस्ट्रेलियात सिडनीला पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडतात, आणि एकाचं बघून दुसरा शिकतो, म्हणून वस्तीवस्तीची पद्धत निराळी. २०२१ मध्ये सायन्स साप्ताहिकात त्यावर शोधनिबंध आला होता. तिथली माणसं झाकणावर विटा ठेवतात, तर हे विटा ढकलतात.

उद्यमनगरी

मग आपल्या पेठेतलंच गिऱ्हाईक म्हणायचं. 😄

बसायच्या काठीचं पण सांगतो. एकसारखी गुळगुळीत गोल काठी नको म्हणे, पायाला फोड येतात. पेरूच्या, कडुनिंबाच्या वाकड्यातिकड्या फांद्या लावा, मोफत मिळतात.

मंगळवारपेठकर

पिंजरा बनवून घेतला, अगदी या मापाचा. नव्या पिंजऱ्यात त्याला हाताने घातलं नाही. दोन्ही पिंजरे दाराला दार लावून ठेवले, त्याच्या मनाने गेला. पेरूच्या फांदीची साल सोलण्यात त्याची सकाळ जाते. जितका वेळ साल सोलतो तितका वेळ स्वतःला सोलत नाही. म्हणून आता खाणंही सरळ वाटीत नसतं. कागदात गुंडाळून, मक्याच्या पानात बांधून, पुठ्ठ्याच्या डबीत. जंगलात याचा निम्मा दिवस खाणं शोधण्यात गेला असता. इथे वाटी दहा मिनिटांत संपते, मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय?

भवानी_मंडप

आणि ओरडणं? आमच्या अपार्टमेंटमध्ये एकाने ठेवला होता, सोसायटीची मीटिंग बोलवावी लागली.

मंगळवारपेठकर

सकाळ-संध्याकाळचं ओरडणं बंद होणार नाही हे मान्य करून टाकलंय. ती थव्याची हाक आहे, 'सगळे आलात का' अशी. खोलीतून कुणी गेलं की मधेच मारायचा ती हाक वेगळी. तिला धावत गेलो तर ओरडण्याचंच बक्षीस, आणि खालून आपण ओरडलो तर त्याला वाटतं थव्याने उत्तर दिलं. मग आईने एक शीळ ठरवली. तो शीळ घालतो किंवा साधं कुरकुरतो तेव्हा आम्ही उत्तर देतो, किंचाळला की नाही. फरक पडतोय. शेजारच्या मावशींना आधीच जाऊन सांगितलं, त्या स्वतः भोपळ्याच्या फोडी आणून देतात.

विसर्जन मिरवणुकीचा मला खरा धसका आहे. डीजेच्या भिंती आमच्या बोळाच्या तोंडावर थांबतात.

पिसारा

त्या रात्री शक्य असेल तर दुसऱ्या घरी हलवा, पण ऐनवेळी नको. एक प्रवासी पिंजरा आत्तापासून खोलीत उघडा ठेवून त्यात खाऊ टाकत जा. नाहीच जमलं तर आतली खोली, खिडक्या बंद, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जाड चादर, मंद दिवा आणि तुम्ही जवळ. पूर्ण काळोखात घाबरला तर गजांवर आदळून पंख मोडून घेईल.

मंगळवारपेठकर

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पहिली बातमी: बाजीराव ही मस्तानी निघाली. अम्ब्रेला काकाटूमध्ये पूर्ण वाढलेल्या मादीच्या डोळ्यात तांबूस झाक असते, नराचे डोळे जवळजवळ काळे. डॉक्टरांनी टॉर्च मारून शंका काढली, पिसाच्या डीएनए तपासणीने पक्कं झालं. नाव तेच ठेवलंय, तिला ते कळतं.

दुसरी बातमी हाताची. खुर्ची फरशी-फरशीने पुढे सरकत पिंजऱ्याजवळ आली होती. मग मी लांब काठी घेतली, टोकाला चोच लावली की बी. काठीमागे ती फांदीवर इकडून तिकडे चालायला शिकली. काठी दर थोड्या दिवसांनी आखूड केली, तिच्या नकळत म्हणणार होते, पण तिच्या नकळत काही होत नाही. मधेच एखादा दिवस ती मान फिरवायची, तुरा डोक्याला चिकटवून, पिसं आवळून. त्या दिवशी मी काठी खाली ठेवून उठायचे. असे दिवस बरेच होते, आणि आता वाटतं की काम झालं ते त्याच दिवसांत. दुसऱ्या दिवशी ती थोडी पुढे आलेली असायची.

धाकट्या भावाला हे पटत नव्हतं. ती मान फिरवत असताना त्याने 'चल, बस की' म्हणत बोट पोटापाशी लावलं. पेरावर दोन टाके. त्याला तिने आधी तीन वेळा सांगितलं होतं: झुलून, फिस्कारून, चोच उघडून. चावा ही शेवटची भाषा. त्याने हात झटकला नाही, ओरडला नाही, हे मात्र कौतुक. आता तोच पाहुण्यांना नियम सांगतो.

मागच्या आठवड्यात दार उघडं होतं, मी मटार सोलत बसले होते. ती फांदीच्या टोकावर आली, माझ्या मनगटावर चोच टेकवून बघितली. पक्षी पाय टाकण्याआधी चोचीने आधार चाचपतात, त्याला चावा समजून हात ओढला की संपलं. मी ओढला नाही. एक पाय टाकला, मग दुसरा. मटार घेतला आणि परत गेली. बस्स, एवढंच. हल्ली ती माझ्यासमोर गालाची पिसं पुढे घेऊन चोच झाकते आणि चोच करकर घासते. पिसारा ताई म्हणतात ही निवांतपणाची खूण.

छातीवर नवीन पिसांचे कोंब आहेत. काही परत उपटलेत, काही राहिलेत. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी पिसं कायमची येणारही नाहीत.

शेतमळा

पोरी, जिंकलीस. मी माझा टॉवेल मागं घेतो.

पिसारा

फार छान. आता कडू बोलते. तुम्ही 'सांभाळायला' आणलीय, म्हणजे जायची आहे. ती फक्त तुमच्याच हातावर येत असेल तर नव्या घरात पुन्हा पहिल्यापासून, आणि उपटणंही. काठीचा खेळ आजपासून बाबा, भाऊ, शेजारच्या मावशी सगळ्यांना खेळू दे. तुम्ही खोलीत नसताना.

साळुंकी

आणि नवं घर बघताना माणसाचं वय बघा. हे पक्षी चाळीस ते साठ वर्षं जगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. घेणाऱ्याला 'तुमच्यामागे कोण?' हे तोंडावर विचारावं लागतं.

भवानी_मंडप

तुम्हीच का ठेवत नाही?

मंगळवारपेठकर

बाबांचा खोकला. धूळ झेपत नाहीये, हवा शुद्ध करणारं यंत्र लावलं तरी. म्हणून नाही. ठेवावीशी वाटते, खोटं कशाला बोलू.

पिसारा ताई, मावशींच्या हातून ती भोपळा घ्यायला लागलीय. बाबांना लांबूनच शीळ देते. कुणी गांभीर्याने घ्यायला तयार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. स्वतंत्र घर, घरात दिवसभर कुणीतरी, दमा नाही, नोंदणीची कागदपत्रं करायची तयारी. बघायला संध्याकाळीच या. सकाळी ती फार सालस वागते आणि लोकांची फसगत होते.

शेतमळा

मला ठेवणं जमायचं नाही, पण बघायला येतो. शेतातल्या शेंगा आणू का पोतंभर?

पिसारा

पावसाळ्यातल्या शेंगांना बुरशी धरते दादा, पक्ष्याला ती विषारी. चांगल्या वाळलेल्या, भाजलेल्या, बिनमिठाच्या आणा. पोतंभर माणसांना, तिला दोन दाणे.